घरकुलाच्या यादीत नंबर मागे का गेला?

“माझा नंबर वर होता, मग घरकुल त्याला कसं मिळालं?” राज्यातल्या कुठल्याही पंचायत समितीत सोमवारी सकाळी जाऊन बसावे, तासाभरात हा प्रश्न कानावर येतोच. विचारणाऱ्याच्या हातात घडी पडून विरलेली यादीची झेरॉक्स असते. टेबलापलीकडचा ऑपरेटर संगणकाकडे बोट दाखवतो, ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ‘वरून आलंय’, सरपंच म्हणतात ‘पुढच्या टार्गेटमध्ये बघू’. माणूस परत जातो. पुढे गावात दोन घरांचे बोलणे बंद होते, किंवा निवडणुकीत त्याचा हिशेब निघतो.

खरे तर या प्रश्नाला लेखी उत्तर आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या यादीत कोण आधी आणि कोण नंतर, हे सरपंचाच्या किंवा साहेबाच्या मर्जीवर सोडलेले नाही. क्रम कसा लागतो, तो कुठे चुकतो आणि चुकला तर किती दिवसांत कोणाकडे जायचे, याचे नियम आहेत. ज्याला ते ठाऊक असतात त्याचा अर्ज टेबलावर टिकतो. ज्याला ठाऊक नसतात, तो खरा गरजू असूनही ‘अन्याय झाला’ एवढेच लिहून परततो. त्या अर्जावर अधिकाऱ्याला काही करताही येत नाही, कारण नेमके काय चुकले ते त्यात लिहिलेलेच नसते.

आधी थोडे मागचे. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत लाभार्थी निवडला जायचा तो दारिद्र्यरेषेखालील यादीतून. ती यादी कशी बनते आणि तीतून नेमके कोणाचे नाव पुढे सरकते, यावर गावोगाव भांडणे होत. २०१६ साली त्या योजनेच्या जागी आताची योजना आली आणि सगळा आधार २०११च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावर ठेवला गेला. घरोघरी जाऊन भरलेल्या माहितीवरून संगणकाने यादी काढायची, ग्रामसभेने ती तपासायची, आणि जी ठरेल ती कायमची प्रतीक्षा यादी. आपल्याकडे हिलाच ‘ब यादी’ म्हणतात. त्या सर्वेक्षणात सुटलेल्या पण गरजू असलेल्या कुटुंबांची नावे ग्रामसभांनी वेगळ्या प्रपत्रात सुचवली, ती ‘ड यादी’. जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ या काळात ‘आवास प्लस’च्या सर्वेक्षणात या सुटलेल्या कुटुंबांची माहिती फोटोसह ॲपमध्ये भरली गेली. आपण ब यादीत की ड यादीत, हे पहिल्यांदा पाहावे. निम्मे गैरसमज तिथेच दूर होतात, कारण दोन वेगळ्या याद्यांतले नंबर एकमेकांशी ताडून गावात वाद घातले जातात.

आता क्रमाचे गणित. ते अवघड नाही, फक्त कुणी समजावून सांगत नाही.

पहिली चाळणी घराची. ज्यांना घरच नाही ते सगळ्यात वर. त्यानंतर शून्य खोलीचे कच्चे घर, मग एका खोलीचे, मग दोन खोल्यांचे. त्या त्या गटात ज्यांचा समावेश सक्तीचा आहे ती कुटुंबे वर येतात: भिक्षेवर जगणारी निराधार माणसे, हाताने मैला उचलणारी कुटुंबे, आदिम जमाती, कायद्याने मुक्त केलेले वेठबिगार. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमाती आहेत, हे रायगड, यवतमाळ आणि गडचिरोलीतल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

त्यानंतर प्रत्येक कुटुंबाच्या वंचिततेचे गुण मोजले जातात. घरात १६ ते ५९ वयाचे कुणीच नसेल तर एक गुण. कुटुंबप्रमुख बाई असेल आणि १६ ते ५९ वयाचा पुरुष घरात नसेल तर एक. २५ वर्षांवरील कुणालाच लिहिता-वाचता येत नसेल तर एक. घरात अपंग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ कुणीच नाही, तर एक. जमीन नाही आणि पोट मुख्यतः अंगमेहनतीच्या मजुरीवर, तर एक. पाचही निकषांना सारखेच वजन. ज्याचे गुण जास्त, तो आपल्या गटात वर.

एक उदाहरण मांडून पाहू. सत्तरीतली विधवा आजी, एका खोलीच्या कुडाच्या घरात एकटी, अक्षरओळख नाही, जमीन नाही, जमेल तशी मजुरी करते. पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा निकष तिला लागू होतो, म्हणजे चार गुण. शेजारी तिशीतले मजूर जोडपे, तेही एका खोलीत, तेही भूमिहीन, दोघेही निरक्षर. त्यांचे दोन गुण. आजी वर, जोडपे खाली. इथवर कुणाची तक्रार नसते. पण त्याच आजीच्या घरात भरणाऱ्याने पडवीही खोली धरली आणि ‘दोन खोल्या’ लिहिले, तर तिचे चार गुण वाया जातात. कारण दोन खोल्यांचा सगळा गट एका खोलीच्या गटाच्या खाली लागतो, आत कितीही गुण असोत. खोल्यांच्या रकान्यातला एक आकडा गुणांच्या सगळ्या रकान्यांवर मात करतो. म्हणून यादी हातात आली की नाव आणि नंबर बघून थांबू नये. खोल्यांची संख्या, भिंत-छपराचा प्रकार, कुटुंबातील माणसांची वये, शिक्षण आणि अपंगत्व या नोंदी काय भरल्या आहेत, ते मागून घ्यावे. वादाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

दोन कुटुंबांचे सगळे सारखेच निघाले तर? तिथे ग्रामसभेला अधिकार आहे, पण तोही मोकाट नाही. शहीद जवान किंवा पोलिसांच्या विधवा व निकटचे नातेवाईक, कुष्ठरोग, कर्करोग किंवा एचआयव्हीने आजारी सदस्य असलेली कुटुंबे, एकच मुलगी असलेली कुटुंबे, वनहक्क कायद्याचे लाभार्थी आणि तृतीयपंथी व्यक्ती यांना अशा वेळी आधी घ्यायचे असते. गुण सारखे असताना सभेत ‘चिठ्ठ्या टाका’ किंवा ‘दोघांनी आपसांत ठरवा’ असे कुणी म्हणू लागले, तर हा नियम वाचून दाखवावा.

सगळ्यात जास्त कटुता ज्या गोष्टीवरून होते ती मात्र वेगळीच आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक आणि इतर अशा प्रवर्गांची स्वतंत्र क्रमवारी असते आणि उद्दिष्टही प्रवर्गवार येते. देशपातळीवर किमान ६० टक्के घरे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेली आहेत. त्यामुळे ‘इतर’ यादीतला तिसऱ्या नंबरचा माणूस थांबलेला असतो आणि जमातीच्या यादीतल्या चाळिसाव्या नंबरच्या कुटुंबाला मंजुरीपत्र मिळते. हे नियमाला धरूनच आहे. त्यावर तक्रार करून काही मिळत नाही, उलट ज्या कुटुंबाशी काही वैर नव्हते त्याच्याशी वैर उभे राहते. गावातल्या जाणत्या माणसांनी हे सभेत मोठ्याने सांगायला हवे. तुलना करायची ती आपल्याच प्रवर्गातल्या, आपल्याच यादीतल्या माणसाशी. तिथे खालच्याला आधी मिळाले असेल, तर मात्र प्रश्न विचारलाच पाहिजे आणि लेखी विचारला पाहिजे.

काहींचे नाव यादीत असूनही नंतर ‘अपात्र’ झाले. त्यात २०१६च्या नियमांचा मोठा वाटा होता. तेव्हा १३ निकषांपैकी एक जरी लागू पडला तरी कुटुंब बाहेर जाई. मोटारसायकल, फ्रीज, लँडलाइन फोन, मासेमारीची यांत्रिक बोट, घरातल्या एकाची महिना १० हजारांवर कमाई, ५० हजार किंवा अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड, अशी ती यादी होती. सेकंडहँड दुचाकीवर भाजी विकणारा माणूस कुडाच्या घरात राहूनही बाद ठरत होता, आणि हे चूकच होते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी आणखी दोन कोटी घरे मंजूर केली, तेव्हा निकष १०वर आणले. दुचाकी, फ्रीज, लँडलाइन आणि बोट वगळली, कमाईची मर्यादा १५ हजारांवर नेली. तीनचाकी-चारचाकी वाहन, ट्रॅक्टरसारखी यांत्रिक अवजारे, ५० हजारांचे किसान कार्ड, सरकारी नोकरी, प्राप्तिकर किंवा व्यवसायकर, नोंदणीकृत बिगरशेती व्यवसाय, अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत या अटी आता आहेत. म्हणजे केवळ गाडी किंवा फ्रीजमुळे ज्यांचे नाव तेव्हा कापले गेले, त्यांनी जुन्या यादीवर भांडत बसू नये. २०२५मध्ये नव्या ॲपवरून जे सर्वेक्षण झाले त्यात आपली नोंद झाली का, ते ग्रामपंचायतीत पाहावे. नव्या सर्वेक्षणात स्वतः मोबाइलवरून माहिती भरण्याचीही सोय होती. पण नोंद झाली म्हणजे घर मंजूर झाले असे नाही. पडताळणी आणि ग्रामसभा यातून जाईपर्यंत तो फक्त दावा असतो.

ग्रामसभा हा या सगळ्या प्रक्रियेतला कणा आहे, आणि सर्वांत गरीब माणूस नेमका तिथेच नसतो.

बीडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या फडात असतात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्या पाठीमागे होते. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर गेलेली असतात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची १ मेची सभाही चुकते. २०१८-१९चे सर्वेक्षण असो वा २०२५चे, दोन्हींचा मोठा भाग याच महिन्यांत पडला. कुलूप लावलेल्या खोपटापुढे उभे राहून सर्वेक्षक काय लिहिणार? ‘कुटुंब आढळले नाही’. आणि तपासणीत ‘गावात राहत नाही’ असा शेरा बसला की नाव कापायला तेवढे पुरते.

यावर एक साधा उपाय प्रत्येक गावाला करता येण्यासारखा आहे. घरकुलाच्या यादीतून नावे कमी करण्याचा किंवा क्रम बदलण्याचा विषय १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत घ्यावा, स्थलांतरित माणसे गावात असताना, असा ठराव ग्रामसभेनेच करावा. शासनाच्या वेळापत्रकामुळे तसे जमत नसेल, तर बाहेर गेलेल्या कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीकडे आधी लेखी द्यावी, मुकादमाकडचे फोन नंबर द्यावेत, आणि ‘ही कुटुंबे हंगामी कामासाठी बाहेर आहेत, त्यांचे कायमचे राहणे इथेच आहे’ हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. मुलांच्या शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मतदारयादीतले नाव आणि घरपट्टीचा नमुना आठ एवढे कागद रहिवास सिद्ध करायला सहसा पुरतात. गावातल्या शिक्षकाने, अंगणवाडीताईने किंवा बचतगटाच्या अध्यक्षाने एक संध्याकाळ बसून हे काम केले, तर पन्नास कुटुंबांची नावे वाचू शकतात.

सभेची तयारी म्हणजे भाषणाची तयारी नव्हे. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी लागते आणि तीत विषय दिलेले असतात. ‘घरकुल यादी वाचन व मंजुरी’ हा विषय आहे की नाही ते पाहावे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अनेक गावांत यादीचा निकाल याच दहा-पंधरा माणसांच्या सभेत लागतो. तिथे हजर राहिले पाहिजे. ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायची असते, तिचाही उपयोग करावा, कारण एकल बायकांची प्रकरणे पुरुषांच्या गर्दीत बोलली जात नाहीत. पेसा क्षेत्रात पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते, तिथे पाड्यानेच आपली यादी तपासावी.

ग्रामसभेचे अधिकार मोठे आहेत, तसे बांधलेलेही आहेत. चुकीच्या माहितीवर आलेले नाव ती काढू शकते, पण कारण लिहून. नोंद प्रत्यक्षाशी जुळत नसेल तर ती दुरुस्तीची शिफारस करू शकते. सुटलेल्या पात्र कुटुंबाचे नाव ती सुचवू शकते. मात्र गुणानुक्रमे वर असलेल्याला ‘यंदा नको, पुढच्या वर्षी’ म्हणून ती खाली ढकलू शकत नाही. नाव कमी झाले असेल तर पहिली मागणी एकच करावी: कारणासह ठरावाची प्रत द्या. कारण लिहिलेले नसेल, तर अपिलात तोच मुद्दा सगळ्यात भक्कम ठरतो.

ग्रामसभेने मंजूर केलेली यादी किमान सात दिवस ठळक जागी लावायची असते. हे सात दिवस फार मोलाचे. या काळात हरकत घेणे पुढच्या सात महिन्यांच्या हेलपाट्यांपेक्षा सोपे असते. यादी लावलेलीच नसेल तर फोटो काढावा, तारीख टाकून दोन साक्षीदारांच्या सह्यांनी पत्र द्यावे. हरकतीचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि त्याची शिक्क्यासह पोच घ्यायची. नाव वगळणे किंवा क्रम बदलणे याविरुद्धचे अपील जिल्हा पातळीवरच्या अपील समितीकडे जाते. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि तीत किमान एक अशासकीय सदस्य असावा लागतो. योजनेतील इतर तक्रारी ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, राज्य अशा कुठल्याही पातळीवर आल्या तरी १५ दिवसांत निकाली काढायच्या, असा नियम आहे. अर्जात त्या १५ दिवसांचा उल्लेख करावा. उल्लेख असलेला अर्ज बाजूला ठेवणे जड जाते.

अर्ज कसा लिहावा, यावर थोडे थांबायला हवे. ‘मी अत्यंत गरीब असून माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, तरी मायबाप सरकारने न्याय द्यावा’ असे अर्ज पंचायत समितीत गठ्ठ्याने पडलेले असतात. त्यापेक्षा असे लिहावे: “यादीतील अमुक क्रमांकाच्या माझ्या नोंदीत खोल्यांची संख्या २ दाखवली आहे. प्रत्यक्षात एकच खोली असून दुसरी जागा भिंती नसलेली पडवी आहे. सोबत तीन फोटो व पंचनामा जोडला आहे. नोंद दुरुस्त केल्यास माझे कुटुंब एका खोलीच्या गटात येते. कृपया स्थळपाहणी करून दुरुस्तीचा अहवाल अपील समितीकडे पाठवावा.” पाच वाक्ये आहेत, पण चूक कोणती, पुरावा कोणता आणि काय करायचे, हे तिन्ही त्यात आले. एका अर्जात एकच चूक मांडावी. शेजाऱ्याची उणीदुणी त्यात घालू नयेत.

कार्यालयातून उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तरासाठी ३० दिवस. मागायचे काय? आपल्या प्रवर्गाची संपूर्ण क्रमवारी गुणांसह, मागच्या दोन वर्षांत आपल्या गावाला आलेले प्रवर्गवार उद्दिष्ट, मंजूर लाभार्थ्यांचे यादीतील क्रमांक, आणि ज्यांना ओलांडून पुढे गेले त्यांच्याबद्दलची लेखी कारणे. ‘का दिले नाही’ असे विचारू नये. अशा प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधील नसतो, कागद द्यायला असतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. मंजूर घरांची बरीच माहिती योजनेच्या संकेतस्थळावर गाववार खुली आहे, ती आधी कुणा शिकलेल्या पोराकडून पाहून घ्यावी. वर्षातून एकदा सामाजिक लेखापरीक्षण व्हायचे असते, त्या दिवशीही हे प्रश्न विचारता येतात.

नंबर आला आणि तरी घर गेले, अशीही प्रकरणे असतात. आधारवरचे आणि बँकेतले नाव जुळत नाही, जॉब कार्ड नाही, खाते बंद पडलेले. ही किरकोळ कारणे वाटतात, पण उद्दिष्ट संपायच्या घाईत ऑपरेटर पुढच्या नावाकडे सरकतो. म्हणून नंबर जवळ आला आहे असे दिसताच कागद आधीच सरळ करून ठेवावेत. कुटुंबप्रमुखाचा मृत्यू झाला असेल तर वारसाची कागदपत्रे लगेच द्यावीत. यादी कुटुंबाची असते, एका माणसाची नसते. जागेचा प्रश्न त्याहून गंभीर. स्वतःची जागा नाही म्हणून कुटुंब अपात्र होत नाही. भूमिहीनाला जागा मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी आहे, असे योजनेच्या नियमांतच म्हटले आहे. महाराष्ट्रात त्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ‘जागा नाही, सही करा’ म्हणून कुणी नाव सोडल्याच्या कागदावर अंगठा मागत असेल, तर तो देऊ नये. त्याऐवजी जागेच्या मदतीचा अर्ज द्यावा.

विभक्त कुटुंबांचा वाद घरातल्या घरात पेटतो. २०११ला दहा वर्षांचा असलेला मुलगा आज लग्न होऊन वेगळा राहतो, पण जुन्या यादीत तो बापाच्याच कुटुंबात आहे. बापाला घरकुल मिळाले की मुलाचे दार बंद झाल्यासारखे वाटते. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे, हा धागा धरून चालावे. चूल खरोखर वेगळी असेल तर रेशनकार्ड, जॉब कार्ड आणि घरपट्टीची नोंद वेगळी करून घ्यावी आणि नव्या यादीत स्वतंत्र दावा मांडावा. यादी आली की घाईने फोडलेले रेशनकार्ड तपासणीत टिकत नाही, म्हणून हे काम आधीच करायचे.

नवऱ्याने टाकलेल्या बाईची अवस्था याहून वाईट. ती माहेरी भावाच्या पडवीत राहते. सर्वेक्षणात ती भावाच्या कुटुंबात मोजली जाते आणि भावाचे घर पक्के असेल तर तिचे नाव कुठेच लागत नाही. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर करायचे असले तरी विधवा, अविवाहित आणि विभक्त राहणाऱ्या व्यक्तीला एकटीच्या नावाने ते देता येते. घटस्फोटाचा कागद नसतो म्हणून अशा बायकांना परत पाठवले जाते. ग्रामसभेच्या ठरावात ती विभक्त राहत असल्याचे नमूद करून घेणे हा तिच्यासाठी पहिला आधार आहे, आणि गावाने तो द्यायलाच हवा.

दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यायची असेल तर? घ्यावी, पण पुराव्यावर. बंगालमध्ये २०२२च्या अखेरीस आवास यादीची फेरतपासणी झाली तेव्हा दुमजली पक्क्या घरांच्या मालकांची नावे यादीत निघाली. घरोघर तपासणीला पाठवलेल्या आशा आणि अंगणवाडी सेविकांना दमदाटी झाली. राजकीय आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवले, तरी त्या सगळ्या गुंत्यात केंद्राचा पैसा अडकला आणि खरी पात्र कुटुंबेही ताटकळली. शेवटी राज्याने स्वतःच्या पैशातून वेगळी योजना आणली. यादीतले एक खोटे नाव खालच्या सगळ्यांचा नंबर एकाने मागे ढकलते, म्हणून त्यावर बोलणे म्हणजे चुगली नव्हे. पण ‘त्याच्याकडे पैसा आहे’ हा पुरावा नाही. सातबारा, वाहनाची नोंद, पक्क्या घराचा फोटो, नोकरीचा कागद हा पुरावा.

नंबर वर करून देतो म्हणून कुणी पाच-दहा हजार मागत असेल, तर तो फसवत आहे. यादीचा क्रम पैशाने बदलता येत नाही. मागणारा कर्मचारी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

एकाच यादीकडे डोळे लावून बसू नये, हेही सांगायला हवे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारधी समाजासाठी पारधी आवास, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गीयांसाठी २०२३पासून मोदी आवास या राज्याच्या योजना आहेत. त्यांच्या याद्या वेगळ्या आणि निवड वेगळी. आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमधून घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. सर्वसाधारण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात. कातकरी, कोलाम किंवा माडिया कुटुंब अजून जुन्या यादीतल्या नंबरासाठी झगडत असेल, तर त्याला आधी जनमनचा रस्ता दाखवावा. घर एकदाच मिळते, म्हणून कोणत्या योजनेत आपला क्रम लवकर येईल आणि रक्कम किती, हे पाहून निवड करावी.

अपील समितीनेही नकार दिला तर उच्च न्यायालयाचे दार आहे. पण न्यायालय पहिला प्रश्न विचारते तो हाच, की खालचे मार्ग वापरले का? म्हणून प्रत्येक अर्जाची पोच जपायची. महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच समितीचे कार्यालय असते.

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात राज्यातल्या २० लाख कुटुंबांना एकदम मंजुरीपत्रे दिली गेली. आता नव्या सर्वेक्षणातून नवी क्रमवारी लागेल, आणि पुढच्या काही वर्षांत कोणाला कधी घर मिळेल ते तिच्यावर ठरेल. हा लेख वाचू शकणाऱ्या माणसाचे स्वतःचे नाव कदाचित त्या यादीत नसेल. पण ज्यांचे आहे त्यांच्यातल्या अनेकांना ती वाचता येत नाही. येत्या ग्रामसभेआधी आपल्या वाडीची यादी मागून घ्या, त्यांच्या ओट्यावर बसून प्रत्येकाची नोंद मोठ्याने वाचून दाखवा, आणि जिथे चूक दिसेल तिथे त्याच दिवशी अर्ज लिहून द्या.